हरभऱ्याची रास आणि लेकीची पदवी

औसा तालुक्यातून आलेल्या एका पत्राला आज उत्तर देत आहे. पत्र आठ पानांचे आहे आणि नाव-गाव छापू नये असे लिहिणाऱ्या ताईंनी कळवले आहे, म्हणून त्यातला आवश्यक तेवढाच भाग त्यांच्या शब्दांत येथे घेतला आहे.

"मला दोन लेकरं. थोरली मुलगी एम.एस्सी. झाली, धाकटा मुलगा पुण्यात इंजिनियर झाला. मी दहावीत असताना भूकंप झाला, शाळा पडली आणि माझे शिक्षण तिथेच राहिले. दोन वर्षांपूर्वी मुलीला लातूरच्या कॉलेजात नांदेड विद्यापीठाची पदवी मिळाली, तेव्हा आम्ही गेलो नाही. हरभऱ्याची रास होती, मळणीयंत्र नेमके त्याच दिवशी मिळाले होते, आणि हे म्हणाले, 'पदवी काय पोस्टानं बी येतीय.' मुलगी म्हणाली, 'चालतंय.' यंदा मुलाचा समारंभ फेब्रुवारीत होता. हरभरा याही वर्षी काढायला आलेला होता, पण तो दिराच्या हवाली करून आम्ही दोघे रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला गेलो. मुलाचे नाव पुकारले तेव्हा मला इतके रडू आले की शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली. सगळे म्हणाले, आनंदाचे अश्रू आहेत. ते आनंदाचे होते का, हे मला अजून कळलेले नाही. गावात पेढे वाटले, त्याचा फोटो मोठा करून देवघराशेजारी लावला.

पाडव्याला मुलगी घरी आली. तिने फोटो बघितला, ओढणीने काचेवरची धूळ पुसली आणि विचारले, 'आई, माझी पदवी कुठंय? झेरॉक्स पाहिजे होती.' मी पेटी उघडली. सातबारा, पासबुक, रेशन कार्ड यांच्या पिशवीत सगळ्यांत खाली ती होती. एक कोपरा दुमडला होता. तिने मांडीवर ठेवून हाताने तो सरळ केला, पदवी बॅगेत घातली आणि दुसऱ्या दिवशी लातूरला गेली. ती तिथे एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते. भावाच्या मेसचे पैसे दोन वर्षे तिच्याच पगारातून जात होते. आता फोन करते, तब्येत विचारते, पैसेही पाठवते. भांडत नाही. भांडली असती तर मी काही बोलले असते. हे म्हणतात, आता ते उकरून काढू नको, उद्या तिचे लग्न करायचे आहे. शेजारीण म्हणते, लेकरांचे फार कौतुक केले की दृष्ट लागते. मी भेदभाव करणारी आई आहे का? आता तिचा सत्कार ठेवला तर चालेल का? तिच्या पदवीच्या दिवसाचा आमच्याकडे एकही फोटो नाही."

ताई,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, म्हणजे पुढचे बोलणे मोकळेपणाने होईल. जन्मभराचा हिशेब मला माहीत नाही आणि एका पत्रावरून तो मांडण्याचा मला अधिकारही नाही. परंतु या दोन समारंभांपुरते विचाराल तर भेदभाव झालेला आहे, आणि तो झाला हे तुम्हाला माझ्याआधी कळलेले आहे. नाहीतर 'हरभरा याही वर्षी काढायला आलेला होता' हे वाक्य तुम्ही लिहिलेच नसते, कारण ते तुम्हाला कोणी विचारले नव्हते. लातूर तुमच्या गावाहून तासाभराचा रस्ता आणि पुणे रात्रभराचा, हेही तुम्ही न बोलता पत्रात मांडून ठेवले आहे. तेव्हा मुलीला वाईट वाटले असेल का, या शंकेत आपण वेळ घालवायला नको. तिला वाईट वाटले आहे.

आता त्या रडण्याविषयी, कारण पत्र तीनदा वाचल्यावर मला असे वाटते की तुमची खरी अडचण तिथे आहे. पुण्याच्या सभागृहात बसेपर्यंत पदवी मिळणे म्हणजे नेमके काय असते, हे तुम्ही पाहिलेलेच नव्हते. तुमच्या घरात, तुमच्या माहेरात आणि बहुधा तुमच्या गल्लीतही तो प्रसंग आधी कोणी पाहिलेला नसावा. तुमच्या लेखी पदवी हा एक महत्त्वाचा कागद होता, आणि शेतकऱ्याच्या घरात महत्त्वाचा कागद जिथे ठेवतात तिथेच, म्हणजे सातबाऱ्याच्या पिशवीत, तुम्ही तो ठेवलात. मी तर म्हणेन की त्या पेटीत त्याहून मानाची जागा नव्हती. मुलीला मात्र पिशवीचा तळ आणि दुमडलेला कोपरा दिसला, आणि दोन हातांवर भिंतीवर भावाचा फोटो दिसला. तिने त्यातून जो अर्थ काढला तो तिच्या जागी मीही काढला असता. पुण्यात गाऊन घातलेली मुले ओळीने उभी राहिलेली पाहिली, एकेकाचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाताना ऐकले, नाव येताच कुठल्या तरी रांगेतून एखादा बाप उभा राहून टाळ्या वाजवताना पाहिला, आणि तेव्हा कुठे तुम्हाला कळले की दोन वर्षांपूर्वी लातुरात असेच घडले होते आणि तुमच्या मुलीचे नाव पुकारल्यावर उभे राहणारे कोणी तिथे नव्हते. मुलाचा आनंद त्या अश्रूंत नव्हता असे मी म्हणत नाही. तो होताच. दोन्ही एकाच वेळी आले, म्हणून तुम्हाला ते ओळखू आले नाहीत.

आणखी एक जण त्या रडण्यात होती. आठ पानांच्या पत्रात भूकंपाला तुम्ही एक ओळ दिली आहे, म्हणून मीही फार लिहिणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट, आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून उशिरा झोपलेली गावे आणि चारच्या सुमारास हललेली जमीन यांविषयी औसा तालुक्यातल्या बाईला बाहेरच्या माणसाने काही सांगावे असे काही नाही. पुढे बावन्न गावे नव्याने वसवली गेली, घरे मिळाली, रस्ते आले. पण दहावीच्या वर्गातून उठलेल्या मुलीला तिचा बाक परत मिळाला नाही. तुमचे अक्षर मी पाहिले आहे. आठ पानांत एक शब्द खोडलेला नाही आणि परिच्छेद कुठे तोडायचा हे तुम्हाला बरोबर कळते. ती सोळा वर्षांची मुलगी पुण्याच्या सभागृहात तुमच्या शेजारी येऊन बसली असेल तर त्यात नवल नाही.

इथे एक तारीख सांगावीशी वाटते. तुमच्या मुलीला पदवी देणारे नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले. भूकंपाला वर्ष पूर्ण व्हायला तेव्हा तेरा दिवस बाकी होते. म्हणजे तुमची शाळा गेली त्यानंतर वर्षाच्या आत ते विद्यापीठ उभे राहिले, आणि तीस वर्षांनी त्याची पदवी तुमच्या घरात आली ती मुलीच्या हाताने आली. मुलाची पदवी त्यानंतरची. मराठवाड्यात हे सगळेच उशिरा घडले आहे. औरंगाबादचे विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ चे, आणि त्याआधी आपल्या भागातल्या मुलांना पदवीसाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे, जिथे निजामाच्या काळात शिक्षण उर्दूतून होते. त्या पिढीतल्या कितीतरी आईवडिलांनी मुलाची पदवी फक्त पत्रातून वाचली असेल. म्हणून सभागृहात जाऊन बसायचे असते, हे आपल्या घरांना वळणाने आलेले नाही. हे मी तुमची बाजू सावरण्यासाठी लिहीत आहे, मात्र ही बाजू मुलीपुढे मांडू नका. ती मी तुम्हाला सांगितली आहे, तिला सांगण्यासाठी दिलेली नाही.

तुमच्या यजमानांचे 'पदवी पोस्टानं बी येतीय' हे म्हणणे तसे नियमाला धरून आहे. अर्ज करून आणि शुल्क भरून ती मागवता येते. पण विद्यापीठाच्या मोठ्या दीक्षान्त समारंभात, जिथे कुलपती म्हणून राज्यपाल असतात, तिथे व्यासपीठावर सहसा पीएच.डी.चे आणि सुवर्णपदकांचे मानकरीच जातात. बाकीच्या हजारोंना ती पदवी एका घोषणेने एकत्र बहाल होते आणि कागद महाविद्यालयांकडे येतात. महाविद्यालयातला पदवी वितरणाचा छोटा कार्यक्रम असतो तिथेच काय ते तुमच्या मुलीसारख्या विद्यार्थिनीचे नाव चार माणसांत पुकारले जाते. तो दिवस पुन्हा येत नाही.

मी बत्तीस वर्षे मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात शिकवले आणि पदवी वितरणाच्या दिवशी माझ्याकडे नेहमी सभागृहाच्या दाराचे काम असे, म्हणजे नोंदवहीत सही घ्यायची, पास तपासायचा आणि पाहुण्यांना बसवायचे. रिकाम्या खुर्चीजवळ उभ्या राहून 'बाई, इथं बसलं तर चालंल का?' असे विचारणाऱ्या आया मी शेकड्याने पाहिल्या आहेत. पांढरी टोपी गुडघ्यावर काढून ठेवणारे आणि नाव पुकारताच ती पुन्हा डोक्यावर घालणारे वडीलही पाहिले आहेत. एका वर्षी एक मुलगी एकटी आली होती. पदवी घेऊन ती मागच्या रांगेत गेली, फोल्डर उघडून एका रिकाम्या खुर्चीवर नीट उभे केले आणि मोबाइलने त्याचा फोटो काढू लागली. मी म्हटले, "दे, तुझा काढते." ती म्हणाली, "नको मॅडम, घरी पाठवायचाय. पदवी दिसली की झालं." मी पुढे आग्रह केला नाही, आणि तो करायला हवा होता असे मला आजही वाटते. तुमच्या मुलीने त्या दिवशी घरी काय पाठवले होते? पत्रात ते नाही. पाठवले असेल, तर ते कोणाच्या मोबाइलवर आले आणि त्यावर घरातून काय उत्तर गेले, एवढे आठवून पाहा.

आपल्या माणसाने समोर असावे ही ओढ हल्लीच्या फोटोंच्या हौसेतून आलेली नाही. आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या तेव्हा गोपाळराव तिथे होतेच, पण पंडिता रमाबाई त्या समारंभासाठी इंग्लंडहून अटलांटिक महासागर ओलांडून गेल्या होत्या. हे तुम्हाला टोचावे म्हणून लिहिलेले नाही. 'एका दिवसाचं काय एवढं' असे घरात कोणी म्हणाले, तर तुमच्याजवळ उत्तर असावे म्हणून लिहिले आहे.

आता काय करायचे ते सांगते. तुम्ही लातूरला मुलीच्या खोलीवर जा, आणि एकट्या जा. तिच्या क्लासला सुटी कोणत्या वारी असते ते फोनवर विचारून घ्या, मात्र फोनवर बाकी काही बोलू नका. ही गोष्ट फोनवर बोलण्याची नाही, कारण फोनवर ती पुन्हा 'चालतंय' म्हणेल आणि तुम्ही सुटल्यासारख्या व्हाल. तो शब्द तिने तुमच्याकडूनच घेतला आहे, असा माझा अंदाज आहे. आपल्याकडच्या मुलींना तो फार लवकर येतो, आणि ज्या घरात मुलगी कशालाही 'चालतंय' म्हणते त्या घरात तिला काय चालत नाही हे विचारायचे हळूहळू राहून जाते. डबा घेऊन जा, पण गेल्या गेल्या डबा उघडू नका, कारण आपण बायका अवघड बोलणे पोळी-भाजीच्या आड लपवण्यात तरबेज असतो. आधी बसा, आणि चार वाक्ये बोला. ती तुमच्या बोलीतली असावीत. मी फक्त नमुना देते. "बाई, तुझ्या पदवीला मी याया पाहिजे होते. लातूर तासावर होतं आणि मी आले नाही. माझं चुकलं. पुण्यात बसल्यावर मला कळलं, तुझ्या वेळंला काय होतं ते." इथे थांबा.

थांबणे सगळ्यांत अवघड जाईल. पाचवे वाक्य 'पण' या शब्दाने सुरू होऊन ओठांवर येईल, कारण रास खरी होती, मळणीयंत्र खरे होते आणि मजूर मिळत नाहीत हेही खरे आहे. ते सगळे तिला माहीत आहे. त्याच घरात ती वाढली आहे आणि हरभऱ्याच्या आंबेने तिचेही हात फुटलेले असणार. रास सांगितलीत तर तिला पुन्हा एकदा तुमची अडचण समजून घ्यावी लागेल, आणि दोन वर्षे ती तेच करीत आली आहे. तसेच, रडू आले तर आवरू नका, परंतु तुमचे डोळे पुसण्याचे काम तिच्यावर पडेल इतके रडू नका. क्षमाही मागून घेऊ नका. 'माफ केलंस ना?' असे विचारले की मुलीला होय म्हणणे भाग पडते, आणि मग तिच्या मनात असलेले राहिलेच.

बहुधा ती म्हणेल, "जाऊ दे आई, झालं गेलं." त्यावर वाद घालू नका आणि लगेच हायसेही वाटून घेऊ नका. त्या दिवशी काय काय झाले ते तिला विचारा. सकाळी खोलीवरून किती वाजता निघाली, कोणता ड्रेस घातला होता, बरोबर कोण होते, नाव पुकारले तेव्हा आडनाव नीट उच्चारले का, व्यासपीठावरून उतरताना पायरी चुकली का, नंतर मैत्रिणींबरोबर काय खाल्ले. मुलीने हे सारे कोणाला तरी सांगितले असेल, पण तुम्हाला सांगितलेले नाही, कारण तुम्ही विचारले नाही. तिने सांगायला सुरुवात केली तर मध्ये बोलू नका. नाही केली, तरी प्रश्न विचारला गेला आहे. त्याचे उत्तर पंधरा दिवसांनी एखाद्या भलत्याच वेळी, भांडी घासताना येऊ शकते. आणि फोटोविषयी तुम्ही जे लिहिले आहे ते पुन्हा एकदा वाचा. 'आमच्याकडे एकही फोटो नाही' हे खरे आहे, पण तिच्या मोबाइलमध्ये तो असेल, किंवा मैत्रिणीच्या मोबाइलमध्ये असेल. दोन वर्षांत तुम्ही तो मागितला नाही, इतकेच झाले आहे. तो मागा. त्यात तिच्या शेजारी मैत्रिणीची आई उभी असेल तर ते तुम्हाला सहन करावे लागेल, आणि त्या बाईंना कधी भेटलात तर त्यांचे आभार माना.

ती पदवी तुम्ही वाचली होती का, हा प्रश्न पत्र वाचताना माझ्या मनात सारखा येत होता. तुम्ही ती पिशवीत ठेवल्याचे लिहिले आहे, वाचल्याचे कुठे लिहिलेले नाही. आपल्याकडच्या विद्यापीठांच्या पदवीवर मराठी मजकूरही असतो. मुलीला ती दाखवायला सांगा, चष्मा लावा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. तो कागद आता तिच्याकडे आहे आणि तिच्याकडेच राहू द्या. भिंतीवर लावायची तुमची इच्छा असेल तर तिला विचारून रंगीत प्रत काढा आणि तिची चौकट करा. मूळ पदवीला लॅमिनेशन मात्र कोणाच्याही सांगण्यावरून करू नका, कारण पुढे नोकरीत किंवा परदेशी जाताना पडताळणी आणि साक्षांकनाच्या वेळी त्याची अडचण होते. दुमडलेला कोपरा जाड पुस्तकाखाली आठ दिवसांत बराचसा सरळ होतो. पुसट घडी राहील.

सत्काराचा विचार कृपा करून सोडून द्या. आज गावात मांडव घालून, फेटा बांधून, चौकात तिच्या नावाचा फ्लेक्स लावून तुम्ही तिला काय देणार आहात? दोन वर्षांनी हे का, असे प्रत्येक पाहुणा तिला विचारेल आणि तुमची चूक झाकणारे उत्तर तिलाच शोधावे लागेल. आपल्याकडे दहावीच्या टक्क्यांपासून ग्रामपंचायतीच्या बिनविरोध निवडीपर्यंत सगळ्याचे फ्लेक्स लागतात. त्यावर एका मुलीचा हसरा चेहरा वाढल्याने तुमच्या घरातले काही मिटणार नाही. भरपाई म्हणून अंगठीही करू नका. काही जण तुम्हाला सांगतील की तुम्हीच आता सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसा. त्या वाटेने शिकलेल्या कितीतरी बायका मला माहीत आहेत आणि तुमच्या मनात असेल तर जरूर बसा, पण ती वेगळी गोष्ट आहे. तुमच्या गुणपत्रिकेने मुलीच्या त्या दिवसाची रिकामी खुर्ची भरून निघत नाही, आणि या बोलण्यात ती कल्पना आणलीत तर विषय तिच्यावरून तुमच्यावर येईल.

मुलाचा फोटो भिंतीवरून काढू नका. त्याने कष्ट केले आहेत, त्याचा आनंद खरा आहे आणि तुमच्या चुकीचा भार त्याच्यावर पडण्याचे कारण नाही. मात्र त्याला एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगा, ती ही की त्याच्या मेसचे पैसे बहिणीने दोन वर्षे भरले. त्याला ते माहीत असेलही, पण आईच्या तोंडून ऐकणे निराळे. भीमरावांच्या पुस्तकांसाठी रामजी सकपाळ आपल्या लग्न झालेल्या मुलींकडून दागिने मागून आणून गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून देत, असे बाबासाहेबांच्या चरित्रांत वाचायला मिळते. औरंगाबादला बाबासाहेबांनीच उभ्या केलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या आवारात उभे राहिले की मला कधी कधी त्या दागिन्यांची आठवण होते. भावाच्या पदवीत बहिणीचे काय गेले, याची नोंद ठेवण्याची आपल्या घरांना सवय नाही. तुमच्या घरात ती तुमच्यापासून सुरू होऊ शकते, आणि तिच्या पैशांचा विषय लातूरच्या भेटीत काढण्यापेक्षा मुलाशी बोलताना काढलेला बरा.

यजमान म्हणतात, उकरून काढू नको. पुरलेले असते ते उकरावे लागते. हे तर पेटीत ठेवलेले होते आणि मुलगी ते पाडव्याला तुमच्या देखत घेऊन गेली. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, आणि त्यांच्या वतीने मुलीची क्षमाही मागू नका. 'तुझ्या वडलांनाही वाईट वाटतंय' असे सांगितलेत आणि ते खरे नसेल, तर ती एका क्षणात ओळखेल. ते वाक्य त्यांचे होते, त्याचे उत्तर त्यांच्याकडे असू द्या. मात्र तुम्ही कशासाठी जात आहात हे त्यांना जाण्यापूर्वी सांगा, चोरून जाऊ नका. लग्नाचा आणि याचा संबंध त्यांनी जोडला आहे, तो मला मुळीच पटलेला नाही. मुलीच्या बायोडाट्यात 'एम.एस्सी.' ही अक्षरे आपण ठळक लिहितो, पाहुण्यांना तोंडभरून सांगतो, आणि ती अक्षरे तिला मिळाली त्या दिवशी आपण कुठे होतो हे विचारले की मात्र विषय उकरू नको म्हणतो. यातली विसंगती त्यांना आज ना उद्या दिसावी अशी माझी इच्छा आहे.

दृष्टीबद्दल एवढेच लिहिते की मुलाच्या पदवीचे पेढे गावभर वाटताना तुम्हाला ती आठवली नव्हती, तेव्हा मुलीच्या वेळीही ती आडवी यायला नको.

आता उन्हाळा आहे, शेतात रास नाही. सकाळच्या एसटीने निघा, तिकीट अर्धेच पडते. संध्याकाळी गप्पांत उशीर झाला आणि शेवटची गाडी चुकली, तर चुकू द्या आणि तिच्या खोलीवर मुक्काम करा. एका रात्रीचे म्हशीचे दूध यांनी काढले तर काही बिघडत नाही.